सुया टोचून घ्या, पण विचारून घ्या!

गुडघे कुरकुरू लागले, मान धरली, अर्धशिशी पाठ सोडेना, की कुणीतरी हमखास सांगतं, 'एकदा सुया लावून बघा!' चेन्नईत हा सल्ला मराठी पेशंटच्याही कानावर येतो. इथल्या मोठ्या इस्पितळांत देशभरातून माणसं येतात. ऑपरेशन किंवा केमोथेरपीसाठी महिना-दीड महिना लॉजवर मुक्काम पडतो आणि एखाद्या गल्लीतली ॲक्युपंक्चरची पाटी खुणावू लागते. जावं का आत?

जायला हरकत नाही. मात्र तिथं काय मिळेल आणि काय मिळणार नाही, ते आधी ठाऊक असू द्या.

ही विद्या भारतात आली, त्यामागे एका मराठमोळ्या गोष्टीचा धागा आहे. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यात होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२मध्ये तिकडेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि १९५९मध्ये कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले.

चिनी वैद्यक म्हणतं, शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते, ती अडली की दुखणं सुरू होतं. आधुनिक डॉक्टरांना या वाहिन्या काही सापडलेल्या नाहीत. सुईनं मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीर स्वतःचीच वेदनाशामक द्रव्यं सोडतं, असं ते मानतात.

पहिल्या भेटीत जीभ पाहतात, नाडी पाहतात, झोप-भूक विचारतात. मग केसासारख्या बारीक सुया. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, नंतर तिथं जडपणा येतो. वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. उपाशीपोटी मात्र जाऊ नका, चक्कर येते.

गुण येतो का? जर्मनीत कंबरदुखीच्या अकराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम दिला. सहा महिन्यांनी आराम पडलेले अनुक्रमे सुमारे ४७, ४४ आणि २७ टक्के! म्हणजे सुयांनी बरं वाटलं खरं, पण नेमका बिंदू गाठला की नाही यानं फारसं अडलं नाही. यात विश्वासाचा वाटा किती, हा वाद अजून चालूच आहे. कंबर, मान, गुडघे, डोकेदुखी आणि केमोनंतरची मळमळ, एवढ्यापुरती आशा धरायला जागा आहे.

यापलीकडची आश्वासनं ऐकली की सावध व्हा. मधुमेह, ब्लडप्रेशर, कॅन्सर सुयांनी मुळापासून बरा करतो म्हणणारे भेटतात. 'चालू गोळ्या बंद करा' असं कुणी म्हटलं, तर सरळ चपला घालून बाहेर पडा. इन्सुलिनवरच जगणाऱ्या मुलाचं इन्सुलिन तोडलं, तर काही दिवसांतच त्याच्या जिवावर बेततं.

केमो चालू असेल, तर सुया लावण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधी टोचणीही जंतुसंसर्गाला वाट देते. रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, पेसमेकर यांतलं काहीही असेल, तर तेही सुरुवातीलाच सांगा. सुया सीलबंद पाकिटातल्या, तुमच्यासमोर फोडलेल्या आणि एकदाच वापरून टाकायच्या हव्यात. जुन्या सुयांनी कावीळ पसरल्याची उदाहरणं आहेत. छातीत-पाठीत सुया टोचल्यावर दम लागला, तर घरी न जाता इस्पितळ गाठा. क्वचित सुई फुप्फुसाला लागते.

सुयांसोबत चिनी जडीबुटीची पुडी पुढे केली, तर? केंद्र सरकारनं ॲक्युपंक्चरला २०१९मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, पण चिनी औषधं आयुषच्या यादीत नाहीत. याच परंपरेतल्या वनस्पतीतून तू यूयू यांनी मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं, २०१५चं नोबेल मिळवलं, हे खरंच. आणि बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन घटवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच विषारी मिसळली गेली, शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, हेही खरंच. पुडीवर घटक लिहिलेले नसतील, तर ती परत करा.

उपचार करणाऱ्याचं शिक्षण विचारायला संकोच नको. पश्चिम बंगालनं १९९६चा, महाराष्ट्रानं २०१५चा स्वतंत्र कायदा केला. चेन्नईत अरुंबाक्कमला सरकारी योग व निसर्गोपचार वैद्यकीय महाविद्यालय आहे. या शाखेची पदवी साडेपाच वर्षांची असते आणि तीत ॲक्युपंक्चर शिकवतात. तमिळनाडूत 'वर्मम्'ही ऐकाल, पण ते सिद्ध वैद्यकातलं. त्यात मर्मस्थानं बोटांनी दाबतात, सुया नसतात.

सहा-आठ बैठकांत फरक पडला नाही, तर थांबा. वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. आणि तमिळ येत नसेल, तर औषधांची नावं तोंडी सांगण्याच्या भरीस न पडता इस्पितळाची फाइलच सोबत न्या.