लाइट आली, पण कोण जागं झालं?

भिंगारच्या आमच्या घरी टीव्हीखालच्या कपाटात सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर आणि वडिलांचा जुना अँप्लिफायर एकावर एक बसलेत. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर या तिघांच्या रिमोटला कंटाळून मी त्यांची भाषा शिकून घेणारा एकच रिमोट आणला. एक बटण दाबलं की तिघे चालू, तेच पुन्हा दाबलं की तिघे बंद. आठवडाभर थाटात चाललं. मग एका संध्याकाळी लाइट गेली.

ती आल्यावर बटण दाबलं, तर बाकीचे जागे झाले आणि सेट-टॉप बॉक्स झोपला. पुन्हा दाबलं, तर बरोबर उलट. बॉक्स लाइट येताच आपोआप चालू होत होता, बाकीचे मात्र हुकमाची वाट पाहत बसले होते. "उठून बटणं दाबा आता," आई म्हणाली.

रिमोटच्या टोकाला अवरक्त किरणांचा छोटा दिवा असतो, साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा. डोळ्याला दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकताना दिसतो. सूर्यप्रकाशात आणि घरातल्या दिव्यांतही असे किरण असतात. त्या गर्दीत आपला निरोप ओळखू यावा म्हणून तो दिवा सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकतो आणि समोरच्या यंत्रातला डोळा तेवढ्याच ठेक्याला दाद देतो. एका प्रचलित पद्धतीत आधी 9 मिलिसेकंदांची हाळी, मग 32 शून्य-एक: कोणासाठी, काय करायचं, आणि खात्रीसाठी दोन्हींची उलटी प्रत. निरोप पोचतो, पण उत्तर येत नाही. रिमोटला तोंड आहे, कान नाहीत.

खरी गोम त्या 'पॉवर' बटणात आहे. भिंगारसारख्या छावणीच्या गावात राहणाऱ्याला हे लगेच कळेल. कवायतीत 'सावधान' आणि 'विश्राम' असे दोन वेगळे हुकूम असतात. कितीदाही 'सावधान' म्हणा, सावधान असलेला सावधानच राहतो. आमच्या रिमोटचा हुकूम मात्र एकच: 'बदला!' एकजण आधीच उलट उभा असेल, तर तो कायम उलटच राहणार. अनेक यंत्रांना 'चालू' आणि 'बंद' असे स्वतंत्र संकेतही कळतात, पण मूळ रिमोटवर त्यांची बटणंच नसतात. मग त्यावरून शिकणारा रिमोट ते शिकणार कुठून?

महागड्या अँप्लिफायरमागे 12 व्होल्टचं एक छोटं भोक असतं. मुख्य यंत्र चालू असेतोवर तिथे 12 व्होल्ट, बंद झालं की शून्य. इथे हुकूम नाही, अवस्थाच आहे. त्यामुळे चूक टिकत नाही. एचडीएमआय केबलच्या 13 क्रमांकाच्या तारेवरून तर यंत्रं एकमेकांना 'जागा आहेस का?' असंही विचारू शकतात. कंपन्यांचं आपसात जमलं तर.

आमच्या वडिलांच्या अँप्लिफायरला यातलं काहीच नाही. त्याला आत दाबून ठेवायचं खटक्याचं बटण आहे, म्हणजे वीज मिळताच तो चालू होतो, आणि तेच उपयोगी पडलं. मी असा एक्स्टेंशन बोर्ड आणला, जो टीव्ही किती करंट ओढतो ते पाहतो. टीव्ही चालू झाला की बोर्डातला रिले बाकीच्या सॉकेटना वीज देतो, झोपला की तोडतो. अँप्लिफायर स्पीकर जोडायला क्षणभर थांबतो, मग आतून 'टक्' ऐकू येतं. सुरुवातीचा धक्का स्पीकरला बसू नये म्हणून ही सोय.

सेट-टॉप बॉक्स मात्र त्या बोर्डावर नाही. वीज तोडली तर त्याला पुन्हा जागं व्हायला दोन मिनिटं लागतात, आणि आईची मालिका बरोबर सातला सुरू होते.