प्रो कबड्डी लीगमधील बाद फेरी, प्रशिक्षक-बदल आणि निकालांवरील पैज : एक विवेचन

प्रस्तावना

कबड्डी हा महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला खेळ आहे. त्याच्या नियमांना लिखित रूप देण्याचे प्रारंभीचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच प्रदेशात झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक सादर केले. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगला प्रारंभ झाला आणि या खेळाचे अर्थकारणच बदलले. खेळाडूंचा लिलाव, संघमालक, दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण, प्रशिक्षकांची अदलाबदल आणि निकालांवर पैसे लावण्याचा व्यवहार या सर्व गोष्टी कबड्डीभोवती उभ्या राहिल्या.

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये ही साखळी अनेक दशकांपासून परिचित आहे. तेथे हंगामाची साखळी फेरी संपताच अपयशी संघांचे प्रशिक्षक बदलले जातात, बाद फेरीची चर्चा रंगते आणि पैजांचे दर जाहीर होतात. मे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-पैजेवरील केंद्रीय निर्बंध रद्द ठरविल्यानंतर अनेक राज्यांनी असा व्यवहार कायदेशीर केला. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये याच्या नेमकी उलट दिशा स्वीकारली. प्रस्तुत लेखात प्रो कबड्डीच्या आधारे बाद फेरीची रचना, प्रशिक्षक-बदलाचा परिणाम आणि पैजेचे गणित व कायदा या तीन बाबींचे विवेचन केले आहे. देवरीसारख्या आदिवासीबहुल तालुक्यातील महाविद्यालयांत कबड्डी हा विद्यार्थ्यांचा जिव्हाळ्याचा खेळ आहे आणि आज भ्रमणध्वनी बहुतेकांच्या हाती आहे. त्यामुळे हा विषय अध्यापकांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

बाद फेरीची रचना

लीगच्या अकराव्या हंगामापर्यंत काही वर्षे साखळी फेरीतील पहिले सहा संघ बाद फेरीत जात असत. पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश मिळे. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकांच्या संघांना त्याआधी एक अधिकचा सामना जिंकावा लागे. २०२५ च्या बाराव्या हंगामात ही रचना बदलली. पहिल्या आठ संघांना पुढील फेरीत स्थान मिळाले. पाचव्या ते आठव्या क्रमांकांच्या संघांसाठी प्ले-इन सामने ठेवले गेले, तर पहिल्या दोन संघांत क्वालिफायर-१ खेळविण्यात आला. त्यात पराभूत झालेल्या संघाला क्वालिफायर-२ द्वारे दुसरी संधी देण्यात आली. साखळी सामन्यांत बरोबरीही राहिली नाही, कारण समान गुण झाल्यास टायब्रेकरने निर्णय होऊ लागला.

या बदलाचा अर्थ आकड्यांतून स्पष्ट होतो. एखाद्या बलाढ्य संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे, असे उदाहरणादाखल गृहीत धरू. जुन्या रचनेत पहिल्या दोन क्रमांकांतील अशा संघाला दोन सामने जिंकावे लागत. त्याची विजेतेपदाची शक्यता ३६ टक्के येते. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकावरून तीन सामने जिंकावे लागल्याने ती सुमारे २२ टक्क्यांवर उतरते. नव्या रचनेत पहिल्या दोन संघांना मिळणारी दुसरी संधी जमेस धरल्यास हीच शक्यता सुमारे ५० टक्के होते. याउलट पाचव्या ते आठव्या क्रमांकावरून आलेल्या संघाला सलग सहा सामने जिंकावे लागतात आणि त्याची शक्यता ५ टक्क्यांच्याही आत राहते. नव्या रचनेने दार अधिक संघांना उघडले, परंतु साखळी फेरीतील वरच्या क्रमांकाचे मोलही वाढविले.

बाराव्या हंगामाचा प्रत्यक्ष अनुभव याला अनुरूप होता. साखळी फेरीत अव्वल ठरलेली पुणेरी पलटण क्वालिफायर-१ मध्ये दबंग दिल्लीकडून टायब्रेकरवर पराभूत झाली. दुसऱ्या संधीत तिने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असे नमविले आणि अंतिम फेरी गाठली. प्ले-इनमध्ये यू मुंबाचा पराभव करणाऱ्या पाटणा पायरेट्सने पुढेही विजय मिळविले, पण अखेरीस तेलुगू टायटन्सपुढे त्याची वाटचाल थांबली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणवर ३१-२८ असा विजय मिळविला.

प्रशिक्षक-बदल : कारण की योगायोग?

संघ हरला की प्रशिक्षक बदलावा, असा एक सार्वत्रिक समज आहे. पुणेरी पलटणचा अलीकडील इतिहास या समजाची परीक्षा घेण्यास उपयुक्त आहे. बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली हा संघ २०२२ च्या नवव्या हंगामात अंतिम फेरीत पोहोचला आणि जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा हरला. पुढच्याच हंगामात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे, त्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळविले. अकराव्या हंगामात मात्र गतविजेता संघ बाद फेरीलाही मुकला. त्यानंतर रमेश बंगळुरू बुल्सकडे गेले, पलटणची सूत्रे अजय ठाकूर यांच्याकडे आली आणि संघ पुन्हा अव्वल ठरला.

वरवर पाहता हे नव्या प्रशिक्षकाचे यश वाटते व त्यात तथ्यही असेल. परंतु अन्य कारणांचा विचार टाळता येत नाही. विजेतेपदाच्या हंगामातील आघाडीचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई अकराव्या हंगामात हरियाणा स्टीलर्सकडे गेला होता. कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळे त्याच हंगामात खेळाबाहेर गेला. शिवाय संख्याशास्त्रात ‘सरासरीकडे परतणे’ ही एक संकल्पना आहे. असाधारण वाईट कामगिरीनंतरची कामगिरी, काहीही न बदलता, बहुधा सुधारलेली दिसते. प्रशिक्षक नेमका अशा तळाच्या क्षणीच बदलला जातो. त्यामुळे नैसर्गिक सुधारणेचे श्रेयही त्या बदलाच्या पदरात पडते.

सातत्याची बाजू मांडणारे उदाहरणही याच लीगमध्ये आहे. मनप्रीत सिंग हे प्रशिक्षक म्हणून पाचव्या व सहाव्या हंगामांत गुजरातच्या संघासह, तर दहाव्या हंगामात हरियाणा स्टीलर्ससह अंतिम सामन्यात पराभूत झाले. तरीही हरियाणाने त्यांना दूर केले नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातील बालेवाडी येथे हरियाणाने पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव केला आणि पहिले विजेतेपद पटकावले. तात्पर्य, प्रशिक्षक-बदल हे निकालामागील अनेक कारणांपैकी एक कारण आहे. केवळ त्यावरून भाकीत करणे शास्त्रीय नव्हे.

अंदाज वर्तविणे कठीण का?

कबड्डीच्या रचनेतच अनिश्चितता आहे. सामना चाळीस मिनिटांचा आणि चढाई तीस सेकंदांची असते. सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसरीत गुण मिळविणे भाग पडते, अन्यथा चढाईपटू बाद होतो. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेल्या अव्वल पकडीला एक अधिकचा गुण मिळतो. लोण चढविल्यास दोन अतिरिक्त गुण मिळतात. म्हणजे एखाद-दुसऱ्या मिनिटात चार-पाच गुणांचे पारडे फिरू शकते. वर उल्लेखिलेल्या दहाव्या व बाराव्या हंगामांच्या अंतिम सामन्यांतील फरक प्रत्येकी अवघ्या तीन गुणांचा होता. दोन तुल्यबळ संघांत इतक्या अल्प फरकाने निकाल लागत असेल, तर जाणकाराचे ज्ञानही मर्यादितच उपयोगी पडते.

पैजेचे गणित

पैज घेणारा सट्टेबाज निकालाचे भाकीत करून पैसा मिळवीत नाही, त्याचा लाभ दरांच्या रचनेत दडलेला असतो. समजा, दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत. खरा दर शंभर रुपयांना दोनशे रुपये परत असा असावयास हवा. सट्टेबाज मात्र दोन्ही बाजूंना १८५ रुपये देऊ करतो. पैज लावणारा निम्म्या वेळा जिंकला, तरी त्याला शंभर रुपयांमागे सरासरी ९२ रुपये ५० पैसेच परत मिळतात. प्रत्येक पैजेत सरासरी साडेसात रुपये जातात. चाळीस सामन्यांवर शंभर-शंभर रुपये लावणाऱ्याचा सरासरी तोटा ३०० रुपये होतो. अधूनमधून मिळणारा विजय लक्षात राहतो आणि हळूहळू झिजणारी रक्कम ध्यानात येत नाही.

काल्पनिक संघाचा खेळ थोडा निराळा असतो. त्यात स्पर्धक दोन्ही संघांतून सात खेळाडू निवडतो. कर्णधाराचे गुण दुप्पट आणि उपकर्णधाराचे दीडपट मोजले जातात. दुखापत, संघरचना व बचावातील कच्चे दुवे यांचा अभ्यास येथे उपयोगी पडतो, हे मान्य करावे लागेल. तथापि प्रवेशशुल्काच्या एकूण रकमेतून आयोजक कंपनी आपला वाटा आधी काढून घेत असल्याने सर्व स्पर्धकांची मिळून बेरीज उणेच राहते.

कायद्याची वाटचाल

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ‘पैज व जुगार’ हा विषय येतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू असून केवळ कौशल्याच्या खेळाला त्यातून वगळले आहे. कौशल्य आणि दैव यांतील हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणांत आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीविषयीच्या निकालात विशद केला. मुंबईत मुख्यालय असलेल्या ड्रीम ११ चा काल्पनिक संघाचा खेळ हा कौशल्याचा असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. या आधारावर हा व्यवसाय फोफावला आणि प्रो कबड्डीच्या प्रक्षेपणातही त्याच्या जाहिराती झळकू लागल्या. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत जमा होणाऱ्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला.

संसदेने २१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन खेळ प्रोत्साहन व विनियमन विधेयक संमत केले. दुसऱ्या दिवशी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता या कायद्याने कौशल्य व दैव हा भेदच बाजूला सारला. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नसून चालविणाऱ्यावर आहे. ड्रीम ११ ने त्याच महिन्यात सशुल्क स्पर्धा बंद केल्या. या कायद्याला न्यायालयांत आव्हानही देण्यात आले.

कायद्याने व्यवहार थांबतोच असे नाही. पूर्व विदर्भात कोंबडबाजार कायद्याने निषिद्ध असूनही चोरून भरत आला आहे. अधिकृत दार बंद झाल्यावर परदेशातून चालणारी संकेतस्थळे व स्थानिक दलाल ती जागा घेण्याचा धोका आहे. तेथे जिंकलेली रक्कम मिळण्याची कोणतीही हमी नसते आणि फसवणूक झाल्यास तक्रार करण्यासही तरुण कचरतो.

समारोप

मंडईच्या हंगामात झाडीपट्टीच्या गावांत कबड्डीचे सामने भरतात, आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांतून गुणी खेळाडू पुढे येतात. त्यांच्यासाठी व्यावसायिक लीग ही आशेची वाट आहे. त्याच लीगच्या आडून शिष्यवृत्तीची रक्कम पैजेत जाणार असेल, तर ती वाट त्यांच्यापुरती घातक ठरते. केवळ निषेधाने हा प्रश्न सुटणार नाही. गणिताच्या तासाला बाद फेरीची संभाव्यता, वाणिज्याच्या तासाला सट्टेबाजाच्या दरांतील नफा आणि राज्यशास्त्राच्या तासाला २०२५ च्या कायद्याची चर्चा झाल्यास विद्यार्थी आपल्या आवडत्या खेळातूनच हे गणित समजून घेईल. साडेसात रुपयांचा तो तोटा ज्याने स्वतः वहीत मांडून पाहिला, त्याला उपदेशाची गरज कमीच उरते. शारीरिक शिक्षण संचालकांसह सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांनी यात सहभाग घेणे अगत्याचे आहे.