पावणेतीन म्हणजे किती?

उज्जैनच्या फ्रीगंज भागात टावर चौक आहे. घड्याळाच्या मनोऱ्यावरून या चौकाला हे नाव पडले. शाळा सुटण्याच्या वेळी एखादे मूल वडिलांबरोबर या चौकातून जात असते. वडील सहज विचारतात, "किती वाजले, सांग बरे?" मूल दुसरीतले. लहान काटा तिनाजवळ आणि मोठा काटा नवावर पाहून ते सांगते, "तीन वाजून नऊ." वडील चूक सुधारतात, "पावणेतीन." त्यावर मूल विचारते, "म्हणजे तीन वाजले ना?" "नाही, अजून वाजायचे आहेत." "मग बाबा, तीन कशाला म्हणायचे?"

हा प्रश्न मंदबुद्धीचा नव्हे, तो विचार करणाऱ्या मुलाचा आहे. परंतु पुष्कळ घरांत आणि वर्गांतही त्याला मिळणारे उत्तर एकच असते: "तसेच म्हणतात, पाठ कर." मूल पाठ करते, परीक्षेत उत्तरही बरोबर लिहिते आणि पाव म्हणजे काय हे त्याला कधीच कळत नाही. पुढे पाचवीत अपूर्णांक आले की ते अडखळते. मग त्याच्यावर 'गणितात कच्चा' असा जो शिक्का बसतो, तो बहुधा जन्मभर पुसला जात नाही.

वस्तुतः पावणेतीन या शब्दातच त्याचा अर्थ दडलेला आहे. पाऊण म्हणजे पाव उणा. तीन पुरे व्हायला पाव कमी, म्हणून पावणेतीन. पाव भाग अधिक तो सव्वा आणि अर्धा भाग अधिक तो साडे. हे शब्द मोडण्याच्या, वाटण्याच्या आणि मोजण्याच्या व्यवहारातून जन्माला आले. माळव्यात शिंद्यांच्या कारकिर्दीपासून स्थिरावलेल्या मराठी घरांतील मुलांना तर ते दोन रूपांत भेटतात. घरी पावणेतीन आणि शाळेत हिंदीत 'पौने तीन'. शब्द दोन असले तरी वस्तू एकच आहे, आणि ती वस्तू हातात आल्यावाचून दोन्ही शब्द पोकळच राहतात.

येथे एक आक्षेप संभवतो. जुन्या शाळांत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकतच होती. त्यांचे हिशेब चुकत नसत, मग आताच हातांचे एवढे महत्त्व कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु त्या घोकंपट्टीच्या मागे काय उभे होते, तेही पाहिले पाहिजे. त्या काळी घरात धान्य मोजण्याची मापे असत. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. पावशेर म्हणजे किती, हे मुलाने चिपट्याने तांदूळ मोजताना पाहिलेले असे. खिशात पावली असे, आणि चार पावल्यांचा रुपया होतो हे त्याला वाण्याच्या दुकानात कळे. म्हणजे शाळा शब्द देत होती आणि अर्थ घर व बाजार पुरवीत होते.

ती व्यवस्था आता उरलेली नाही. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. पाठोपाठ दशमान वजनेमापे आली आणि शेर-पायली मागे पडली. २०११ च्या जून महिन्याच्या अखेरीस पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. पीठ बंद पिशवीत येते आणि पैसे फोनवरून दिले जातात. घड्याळसुद्धा आकडेच दाखविते. २:४५ या आकड्यांत पाव कोठे दिसतो? चकतीवर काटा फिरताना तो दिसत असे. घराने आणि बाजाराने जे काम सोडले, ते आता वर्गाला करावे लागणार आहे. प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण ही म्हणूनच हौस नव्हे, गरज आहे.

ते करायचे कसे? प्रत्येक मुलाला कागदाच्या तीन गोल चकत्या द्याव्यात. त्यांना भाकरी म्हटले तरी चालेल. तिसऱ्या भाकरीची मुलांनी बरोबर मध्ये घडी घालावी, मग पुन्हा एकदा घालावी आणि उलगडावी. चार सारखे भाग दिसतात. एक भाग कापून बाजूला ठेवला की हातात राहते ती पावणेतीन भाकरी. कापलेला तुकडा जागच्या जागी लावून पाहिला, की 'पाव उणा' हे सांगावे लागत नाही. नंतर नवी चकती घेऊन तशाच घड्या घालाव्यात. घड्यांच्या रेषा जेथे कडेला मिळतात तेथे बारा, तीन, सहा आणि नऊ लिहावेत. झाले घड्याळ! बारापासून नवापर्यंत फिरलेल्या काट्याने तीन पाव ओलांडले, हे मूल आता बोट फिरवून सांगते. त्यानंतर त्याने पाऊणकी म्हटली, तर ते पाठांतर सार्थ होय.

तिसरीच्या मुलांना आणखी एक प्रयोग देता येतो. शाळेच्या अंगणात एक सरळ काठी रोवावी आणि दर अर्ध्या तासाने तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सावली आखूड होत जाते आणि पुन्हा लांबू लागते. ती सर्वांत आखूड होते तो मध्यान्ह. परंतु उज्जैनमध्ये तो घड्याळात बाराला येत नाही. वर्षभराची सरासरी पाहता तो सुमारे २७ मिनिटे उशिरा येतो. मग टावरचे घड्याळ चुकले की सूर्य चुकला? मुले वाद घालतात, आणि तेच हवे असते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. उज्जैन त्याच्या पश्चिमेस असल्याने सूर्य तेथे उशिरा माथ्यावर येतो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा याच शहरात क्षिप्रेकाठी आहे. तिच्या सम्राट यंत्रावर सावलीवरून वेळ वाचतात. अंगणात काठी रोवलेल्या मुलाला ते यंत्र अनोळखी वाटणार नाही.

या सर्वाला खर्च किती? जवळजवळ नाहीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्याचा धडा हाच आहे. माँटेसरीबाईंची साधने महाग होती. त्यांतील तत्त्व या दोघींनी घेतले आणि साधने मात्र शिंपले, खडे, बिया, पाने व माती यांतून उभी केली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. अलीकडे, २०२३ साली, केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' या नावाने खेळसाहित्याची पेटी सिद्ध केली. परंतु पेटी कपाटात कुलूपबंद राहिली, तर ती शिंपल्याइतकीही कामाची नाही.

सावध राहायचे ते एवढ्यासाठी, की कृतीच्या नावाखाली कृतीचा देखावा होऊ नये. शिक्षिकेने चकती कापली आणि चाळीस मुलांनी पाहिली, तर शिकले शिक्षिकेचे हात. पुठ्ठ्याचे सुबक घड्याळ आईने रात्री जागून केले किंवा दुकानातून विकत आणले, तर त्याला गुण मिळतील, परंतु मुलाला काही मिळणार नाही. मुलाने केलेली चकती वाकडी असेल, घडी चुकेल, वर्गात गलबला होईल. पाच-पाच मुलांचे गट करून अर्धा तास दिला, तर तो सोसता येतो. चुकलेली घडी मूल स्वतः पुन्हा घालते, तेच खरे अध्ययन.

पालकांनाही यात वाटा उचलता येईल. आज भाकरी ताटात वाढताना तिचे चार भाग मुलाकडून करून घ्यावेत आणि एक काढून ठेवून विचारावे, "आता किती राहिली?" उद्या टावर चौकातून जाताना त्याला वेळ पुन्हा विचारावी. "पावणेतीन," असे ते म्हणाले की लगेच शाबासकी देऊ नये. "पाव कोठे आहे, दाखव," असे म्हणावे. मुलाचे बोट नवापासून बारापर्यंत फिरले, तर त्याच्या प्रश्नाला त्याचे उत्तर मिळाले असे समजावे.