मराठी अर्ज ई-मेलने पाठवताय? आधी फॉन्ट बघा

बेळगाव : डीटीपी सेंटरवर टाइप केलेला मराठी अर्ज कोल्हापूर-पुण्याला ई-मेलने जातो आणि तिकडून फोन येतो, "अहो, नुसती इंग्रजी अक्षरं दिसताहेत, वाचायचं काय?" तोवर मुदत संपलेली असते. माझ्या एका बातमीचंही असंच झालं होतं.

दोष ई-मेलचा नाही, फॉन्टचा. जुने डीटीपी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार दाखवतात. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे ते मोबाईलवरही नीट दिसतं.

म्हणून टाइप करायला देतानाच 'युनिकोडमध्ये करा' असं सांगा. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये तयारच असेल, तर त्याची पीडीएफ करून जोडा. विषयाच्या ओळीत अर्ज कशासाठी आणि अर्जदाराचं नाव लिहा. जीमेलवर जोडलेल्या फाइल एकूण २५ एमबीपर्यंतच जातात. त्याहून मोठी फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते. ती उघडायची परवानगी द्यायला विसरू नका.

पाठवण्याआधी तोच मेल स्वतःच्या पत्त्यावर पाठवून मोबाईलवर उघडा. तिथे वाचता आला, तर पुढेही वाचता येईल. उत्तराची वाट बघताना स्पॅम फोल्डरही चाळा. जीमेलमध्ये तिथला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो.