खून तोच, गुन्हा वेगळा

हल्ली ओटीटीवर कोरियन गुन्हेपट लावला की बऱ्याचदा हिंदी आवाजच सुरू होतो. तरुण मित्र म्हणतात, "गोष्ट तीच आहे ना?" मला ते लागतं, कारण गोष्ट तीच राहत नाही.

नव्वदच्या दशकात हा सिनेमा आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचायचा. पुढची दहा वर्षं मात्र आम्ही पुण्या-मुंबईच्या महोत्सवांत आणि फुटपाथवरच्या डीव्हीडींच्या ढिगांत त्याच्या मागे होतो. 2003 साली 'मेमरीज ऑफ मर्डर' आणि 'ओल्डबॉय', 2008 साली 'द चेझर', 2010 साली 'द यलो सी'. उपशीर्षकं ओबडधोबड असायची, पण 'मेमरीज'चा नायक साँग कांग-हो स्वतःच्या आवाजात बोलायचा. त्याच काळात हिंदीत 'ओल्डबॉय'वरून 'जिंदा' निघाला, तोही श्रेय न देता आणि कथेचा कणा असलेलं नात्यातलं पाप काढून टाकून. तो राग अजून गेलेला नाही. ती चोरी निदान दिसली तरी. डबिंगमध्ये चित्र मूळचंच असल्याने काय गेलं ते कळतच नाही.

'मेमरीज'च घ्या. ह्वासाँग परिसरातल्या 1986 ते 1991 मधल्या खुनांवरचा हा चित्रपट. चित्रपटात चुन दू-ह्वान यांची लष्करी राजवट चालू आहे. पोलीस निदर्शनं मोडायला गेलेत, म्हणून खुन्याला पकडायला कुमक मिळत नाही. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी गावाचे दिवे घालवले जातात आणि त्याच अंधारात एका शाळकरी मुलीचा खून होतो. ठाण्यात गतिमंद मुलाला मारून, पढवून कबुलीजबाब घेतला जातो. या प्रसंगांना हिंदी पोलिसपटातला भारदस्त, टाळीबाज आवाज लावून पाहा. मारणारा पोलीस नायक होतो, मार गमतीचा होतो. राजवटीचा गुन्हा नाहीसा होऊन एक विकृत खुनी तेवढा उरतो.

'द यलो सी'चा नायक चीनमधल्या यानजीचा कोरियन वंशाचा टॅक्सीवाला. सोलमध्ये त्याच्या बोलण्यावरूनच तो परका ठरतो. सगळेच एका साच्याची हिंदी बोलू लागले की त्याचं परकेपण संपतं, आणि चित्रपटही. खरं तर आप-तुम-तू असलेल्या हिंदीला कोरियन बोलण्यातली मानाची उतरंड इंग्रजीपेक्षा चांगली पेलता आली असती. पण संहिता इंग्रजीवरून उतरवली की ही उतरंड वाटेतच गळते. वर पाठमोऱ्या पात्राच्या तोंडी 'अबे', 'साला' कोंबून शांतताही भरून टाकतात.

ह्वासाँगचा खरा खुनी 2019 साली डीएनएवरून सापडला. त्यातल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने जवळपास 20 वर्षं तुरुंगात काढली होती; पोलिसांनी त्याच्याकडून जबरदस्तीने कबुली घेतली होती. डिसेंबर 2020 मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. ज्या मारहाणीवर हिंदी आवाजात हसू येतं, तिची किंमत ही होती.

म्हणून ओटीटी कंपन्यांकडे एकच मागणी आहे: मूळ आवाज पहिला ठेवा, आणि थेट कोरियनवरून केलेली मराठी उपशीर्षकं द्या. वाचकांनीही ती मागत राहावीत.