वाफेचा चटका पाण्यापेक्षा जास्त का?

कुकरचे झाकण घाईने उघडून हात भाजलेल्या ताई सरकारी रुग्णालयात येतात, तेव्हा हमखास म्हणतात, "डॉक्टर, नुसती वाफ तर लागली!" पण वाफ 'नुसती' नसते.

बर्फात पाण्याचे रेणू जागच्या जागी थरथरतात, पाण्यात एकमेकांना धरून सरकतात, तर वाफेत पकड सुटून मोकाट धावतात. ही पकड सोडवायला 100 अंशांच्या एक ग्रॅम पाण्याला सुमारे 540 कॅलरी उष्णता लागते. वाफ त्वचेला लागली की तिचे पुन्हा पाणी होते आणि ही सगळी उष्णता त्वचेत उतरते. उलट, तेवढेच उकळते पाणी शरीराच्या 37 अंशांपर्यंत निवताना सुमारे 63 कॅलरीच देते.

म्हणून वाफेने भाजल्यास तो भाग लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरा. सूज येण्याआधी अंगठ्या, बांगड्या काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका. आलेले फोड फोडू नका. चेहरा भाजला असेल किंवा लहान मूल भाजले असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

आणि कुकरमधली वाफ पूर्ण जाऊ द्या. भात पाच मिनिटे उशिरा वाढला तरी चालतो.