गिरणीच्या फाटकावरचे चेहरे

1994 साली इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न शहरात एका जुन्या दुकानाच्या तळघरात कामगारांना धातूची तीन पिंपं सापडली. आत फिल्मची शेकडो रिळं होती. भंगारात जाता जाता ती पीटर वर्डन या स्थानिक अभ्यासकाच्या हाती पडली. त्यांनी ती जपली आणि 2000 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे सोपवली. आठशेवर निगेटिव्ह, सुमारे 28 तासांचं चित्रण.

विसाव्या शतकाच्या आरंभीची ही दृश्यं सॅगर मिचेल आणि जेम्स केनियन या जोडीनं टिपलेली. जत्रेतले तंबूवाले त्यांच्याकडून गिरणीच्या फाटकावरचं चित्रण करून घेत. सुट्टीचा भोंगा झाला की कामगारांचा लोंढा बाहेर पडे. मग तीच माणसं पैसे मोजून स्वतःला पडद्यावर बघायला येत. म्हणून या रिळांत शाल पांघरलेल्या बायका आणि कॅमेऱ्यासमोर घुटमळणारी पोरं भरभरून दिसतात.

मला खिळवून ठेवलं ते फिल्मच्या कडेच्या छिद्रांनी. 35 मिलिमीटर फिल्मच्या प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं असतात. प्रत काढणाऱ्या यंत्राची पिन त्यांत शिरून चौकट स्थिर धरते. पण जुनी नायट्रेट फिल्म आकसते. शंभरात एखादा भाग आकसली तरी पिन नीट बसत नाही, आणि जोर केला तर कड फाटते. मग यंत्रालाच फिल्मपुढे नमावं लागतं: पिना बारीक करायच्या, वेग उतरवायचा, एकेक चौकट सरकवायची. त्याआधी कारागीर फाटक्या कडा हातानं सांधतो. ओरखड्यांवरचा इलाज तर विलक्षण आहे. छपाईच्या क्षणी फिल्म एका द्रवात भिजवतात. प्रकाश त्या द्रवातून आणि फिल्मच्या पारदर्शक पट्टीतून जवळजवळ सारखाच वळतो, त्यामुळे पट्टीवरचा ओरखडा प्रतीत उमटतच नाही.

खरी झुंज मात्र काळाशी आहे. पेटलेलं नायट्रेट स्वतःच प्राणवायू पुरवतं, पाण्यानं विझत नाही. न पेटताही ते सडतं. आधी चिकट होतं, मग भुकटी. थंडाव्यात सडणं लांबतं, थांबत नाही. पुण्यात 2003 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या कितीतरी प्रती गेल्या. आपल्याकडचे आरंभीचे चित्रणकार सावेदादा यांनी 1901 साली मुंबईत टिपलेलं गणितज्ञ रँग्लर परांजप्यांचं स्वागतही आज आपल्याला पाहता येत नाही.

आता संगणक अशा दृश्यांत रंग भरतो, दोन चौकटींमधली हालचालही रचतो. ते मोहक दिसतं. पण शालीचा तो रंग अंदाजाचा आणि मधली हालचाल कॅमेऱ्यानं न पाहिलेली. ही रूपं लाखोंना आवडू लागली, की मूळ रीळ थंड ठेवण्याचा आणि सांधणाऱ्या कारागिराच्या पगाराचा खर्च अनावश्यक वाटू लागेल, ही माझी काळजी आहे. गिरणीच्या फाटकावरच्या त्या कित्येक कामगारांची दुसरी तसबीर कुणी काढली नसेल. त्यांचे चेहरे होते तसेच राहावेत यासाठी हा खर्च दर वर्षी झालाच पाहिजे.